मासळीत अळ्या येतात कोठून?

उन्हाळ्याच्या दिवसांत बाजारातून आणलेली मासळी एखादा दिवस उघडी राहिली, म्हणजे आपण म्हणतो, "मासळीत अळ्या पडल्या." तांदळाच्या कणगीत किडे दिसू लागले की आपण म्हणतो, "तांदळाला कीड लागली." शेणाच्या ढिगाखालून विंचू निघाला तर घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "शेणात विंचू होतोच." ही वाक्ये आपल्या तोंडी इतकी बसली आहेत की त्यांच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. अळ्या पडल्या म्हणजे कोठून पडल्या? कीड लागली म्हणजे कोणी लावली? आणि शेणात विंचू होतो याचा अर्थ काय, शेणाचाच विंचू बनतो?

आपल्या देशातील जुन्या विद्वानांना या प्रश्नाचे उत्तर सापडले आहे असे वाटत होते. त्यांनी सर्व जीवांचे चार वर्ग केले होते. वारेतून जन्मणारे ते जारज, अंड्यातून जन्मणारे ते अंडज, जमीन फोडून वर येणारे ते उद्भिज्ज, आणि घाम, ओल व ऊब यांपासून आपोआप होणारे ते स्वेदज. उवा, ढेकूण, डास यांची गणना या चौथ्या वर्गात होत असे. शेणापासून विंचू होतात हा दाखला खुद्द शंकराचार्यांनी आपल्या ब्रह्मसूत्रभाष्यात दिला आहे, आणि तो सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून दिला आहे. युरोपातही निराळी स्थिती नव्हती. ब्रुसेल्सचे वैद्य व्हान हेल्मोंट यांच्या मरणोत्तर १६४८ साली छापलेल्या ग्रंथात उंदीर तयार करण्याची कृतीच दिलेली आहे: घामाने मळलेला सदरा गव्हाच्या भांड्यात कोंबून ठेवावा, म्हणजे सुमारे एकवीस दिवसांत गव्हाचे उंदीर होतात. उंदीर सापडत असतील यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. ज्या घरात गहू उघडा पडला आहे, त्या घरात उंदीर एकवीस दिवस वाट पाहत बसत नाहीत.

या मंडळींना हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. हेच व्हान हेल्मोंट झाडाचे अन्न कोठून येते हे शोधण्यासाठी पाच वर्षे एका कुंडीत वजन केलेल्या मातीत वजन केलेले रोपटे वाढवीत राहिले होते. ते आळशी नव्हते की अडाणीही नव्हते. जे डोळ्यांना दिसले तेच त्यांनी सांगितले. सदरा आणि गहू ठेविला, उंदीर आले. मांस ठेविले, अळ्या आल्या. एवढ्यावरून मांसाच्याच अळ्या होतात असे म्हणता येईल काय? त्यांची गफलत कोठे झाली, हे आज आम्हांला आमच्या वाचकांना, विशेषतः चौथी-पाचवीत शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगावयाचे आहे.

शाळेच्या पुस्तकात शास्त्रीय शोधाच्या पायऱ्या दिलेल्या असतात: निरीक्षण, प्रश्न, तर्क, प्रयोग, निष्कर्ष. मुले त्या पाढ्यासारख्या एका दमात म्हणून दाखवितात आणि परीक्षेत गुणही मिळवितात. मात्र अळीची माशी होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मूल शंभरात एखादेच आढळेल. म्हणून त्या पाच शब्दांना थोडी विश्रांती देऊन आपण एका वैद्याची गोष्ट पाहू.

फ्रान्चेस्को रेदी यांचा जन्म इटलीतील आरेत्सो या गावी १६२६ साली झाला. बालपणी ते फ्लॉरेन्स शहरात येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकले, पुढे पिसाच्या विद्यापीठातून वैद्य झाले, आणि तोस्काना प्रांताच्या राजघराण्याचे राजवैद्य म्हणून त्यांनी नाव मिळविले. ते कवीही होते, आणि द्राक्षमद्याच्या स्तुतीपर लिहिलेले त्यांचे काव्य इटलीत प्रसिद्ध आहे. पण तो विषय निराळा.

रेदींनी आरंभी काही सिद्ध करण्याचा प्रयत्न केलाच नाही. त्यांनी मेलेले तीन साप एका उघड्या पेटीत ठेविले आणि ते पाहत बसले. थोड्याच दिवसांत अळ्या झाल्या, त्यांनी मांस खाऊन टाकले, हाडे तेवढी उरली, आणि अळ्या पेटीच्या फटींतून कोठे नाहीशा झाल्या ते कळले नाही. दुसरा कोणी असता तर "मांसात अळ्या झाल्या" एवढे लिहून मोकळा झाला असता. रेदींनी मात्र पुन्हा साप आणविले, फटी बुजविल्या, आणि या अळ्यांचे पुढे होते तरी काय, हे पाहावयाचे ठरविले. काही दिवसांनी अळ्या निपचित झाल्या, आखडल्या, त्यांच्यावर कठीण कवच आले. ते कोश त्यांनी रंगाप्रमाणे वेगळे करून काचेच्या भांड्यांत ठेविले. काही दिवसांनी कवच फुटले आणि आतून माशी बाहेर पडली.

मग त्यांनी नाना प्रकारचे मांस आणविले. बैल, हरीण, म्हैस, कोकरू, ससा, बदक, कोंबडी, समुद्रातील मोठे मासे, इतकेच काय, सिंहाचे आणि वाघाचेही मांस त्यांनी कुजत ठेविले. मांसाप्रमाणे कीटक होत असतील, तर सिंहाच्या मांसातून एक जीव निघावा आणि सशाच्या मांसातून दुसरा. तसे झाले नाही. कोणत्याही मांसातून त्याच त्या ओळखीच्या माशा निघाल्या. कधी एकाच मांसातून दोन-तीन जातींच्या माशा निघत. आणि येथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली: ज्या जातीच्या माशा आधी त्या मांसावर घोंघावत होत्या, त्याच जातीच्या माशा मागाहून अळ्यांतून बाहेर पडल्या होत्या.

मनात संशय उत्पन्न झाला. तो संशय पक्का करणारी आणखी एक गोष्ट रेदींनी नमूद केली आहे, आणि आमच्या घरोघरीच्या गृहिणींना ती वाचून समाधान वाटेल. शिकारी आणि खाटीक उन्हाळ्यात मांसावर पांढरे फडके घालतात, हे त्यांनी लक्षात घेतले. विद्वान मंडळी मांसातून अळ्या आपोआप होतात असे ग्रंथांत लिहीत होती, त्याच काळी खाटीक मात्र माशी बसू नये म्हणून मांस झाकीत होता. आपल्या माता-भगिनीही मासळीची टोपली झाकून ठेवितात. त्यांना कोणी हे शास्त्र शिकविलेले नाही. हातांना ठाऊक असलेली गोष्ट तोंडच्या वाक्यात उतरावयास कधीकधी फार काळ लागतो.

तरीही संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे रेदी जाणून होते. जुलै महिन्याच्या मध्यास त्यांनी रुंद तोंडाच्या चार बरण्या घेतल्या. एकीत साप, दुसरीत नदीतील मासे, तिसरीत आर्नो नदीतील चार वामी, चौथीत वासराच्या मांसाचा तुकडा. बरण्यांची तोंडे त्यांनी कागदाने व दोऱ्याने घट्ट बांधून बंद केली. येथपर्यंत विशेष काही नाही. विशेष आहे ते पुढे. त्यांनी आणखी चार बरण्या घेतल्या, त्यांत तेच जिन्नस घातले, आणि त्या उघड्या ठेविल्या.

मुलांनो, सगळे मर्म या दुसऱ्या चार बरण्यांत आहे. समजा, रेदींनी बंद बरण्याच तेवढ्या ठेविल्या असत्या आणि त्यांत अळ्या झाल्या नसत्या. कोणी म्हणाले असते, "त्या आठवड्यात हवाच थंड असेल." दुसरा म्हणाला असता, "मांसच निकृष्ट असेल." पण तेच मांस, तीच खोली, तीच हवा, तेच दिवस; आणि फरक एकच, झाकणाचा. तेव्हा अळ्यांच्या बाबतीत जो फरक पडेल त्याचे श्रेय त्या एकाच गोष्टीला द्यावे लागणार. या दुसऱ्या बरणीला आपण पडताळ्याची बरणी म्हणू. व्हान हेल्मोंट यांनी सदरा न घातलेले गव्हाचे एक भांडे शेजारी ठेविले असते, तर त्यांची कृती छापली गेली नसती.

उघड्या बरण्यांत माशा ये-जा करू लागल्या आणि अळ्यांची गर्दी झाली. बंद बरण्यांत कितीही दिवस लोटले तरी एकही अळी दिसली नाही. कागदाच्या बाहेरच्या अंगावर मात्र कोठे अंडी, कोठे आत शिरण्यास फट शोधणारी एखादी अळी आढळली.

ही हकीकत आम्ही एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना सांगत होतो. सर्वांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतील एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "पण फादर, कागद बांधल्यावर आत वारा कसा जाणार? वाऱ्यावाचून अळी तरी जगेल का? अळ्या आतल्या आत झाल्या असतील आणि मेल्या असतील." शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी तिला हळूच दटावले, "फादरांना असे उलट विचारू नये गं." बाईंचा हेतू चांगलाच होता. पण त्या मुलीने जे विचारले, ते उलट विचारणे नव्हते, तो रेदींवर त्यांच्या काळी घेतला जाण्यासारखा अगदी खरा आक्षेप होता, आणि रेदींनीही तो मनावर घेतला. आम्ही तिला म्हटले, "बाळ, बैस. तुझ्यासाठीच त्या वैद्याने दुसरा प्रयोग केला आहे."

तो प्रयोग असा. बरणीचे तोंड कागदाऐवजी नेपल्सच्या अत्यंत तलम जाळीदार कापडाने बांधले. वारा आत जाईल, वास बाहेर येईल, माशी मात्र आत जाणार नाही. एवढ्यावर न थांबता ती बरणी आणखी एका जाळी लावलेल्या चौकटीत ठेविली. वासाने माशा आल्या, बाहेरच्या जाळीवर बसल्या, तेथेच त्यांनी अंडी घातली, आणि अळ्या जाळीच्या छिद्रांतून आत घुसण्याची खटपट करताना रेदींना दिसल्या. त्यांनी त्या वेळीच काढून टाकल्या. आतील मांस कुजले, त्याला दुर्गंधी सुटली, पण त्यात अळी झाली नाही. वारा होता, ऊब होती, ओल होती. नव्हती फक्त माशी.

१६६८ साली रेदींनी हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या काळचे थोर विद्वान, येशूसंघीय धर्मगुरू किर्खर, रोममध्ये हयात होते. त्यांनी आपल्या ग्रंथात मेलेल्या माशांवर मधाचे पाणी शिंपून नव्या माशा तयार करण्याची कृती दिली होती. रेदींनी किर्खर यांचा उल्लेख आदराने केला, त्यांची कृती जशीच्या तशी करून पाहिली, आणि या अळ्याही जिवंत माशांच्या अंड्यांतूनच येतात असे दाखविले. मोठ्या माणसाचा मान राखावा आणि त्याचे म्हणणे पडताळूनही पाहावे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. काहींनी या वादात पवित्र शास्त्रालाही ओढले होते. शास्ते या ग्रंथात शमशोनाला मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचे पोळे सापडल्याची कथा आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. पण मधमाश्या तेथे आढळल्या एवढेच ती कथा सांगते. त्या सिंहापासून निपजल्या असे ती कोठेही म्हणत नाही. ते वाचणाऱ्यांनी पदरचे घातलेले होते.

रेदींचे सर्वच बरोबर ठरले असेही नाही. ओक वृक्षाच्या पानांवर येणाऱ्या गाठींतील किडे झाडाच्या जीवनशक्तीतूनच होतात, असे ते मानीत राहिले. पुढे मालपीगी आणि त्यांचे शिष्य वालिस्निएरी यांनी त्या गाठीही कीटकांनी घातलेल्या अंड्यांमुळेच होतात हे दाखविले.

प्रश्न संपला असे वाटत असतानाच तो नव्याने उभा राहिला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात वळवळणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव १६७० नंतरच्या काही वर्षांत पाहिले. त्यांना जाळी कोणती लावणार? माशी अंड्यातून येते हे कबूल. पण हे इवलेसे जीव तरी रश्शात, काढ्यात, पाण्यात आपोआप होत असतील की नाही?

या प्रश्नावर अठराव्या शतकात जे दोन गृहस्थ एकमेकांसमोर उभे राहिले, ते दोघेही कॅथलिक धर्मगुरू होते. एक इंग्लंडचे फादर जॉन नीडहॅम, दुसरे इटलीचे फादर लाझ्झारो स्पाल्लान्झानी. नीडहॅम यांनी मटणाचा कढत रस्सा कुपीत भरला, बुचाने व राळेने तोंड बंद केले, कुपी गरम राखेत ठेवून तापविली, आणि काही दिवसांनी उघडून पाहिली, तर रस्सा सूक्ष्म जीवांनी गजबजलेला. उष्णतेने आधीचे सर्व जीव मेले असणार, बुचामुळे नवे आत आले नसणार, म्हणजे हे रश्शातूनच उत्पन्न झाले, असे त्यांनी १७४८ साली जाहीर केले.

स्पाल्लान्झानी यांनी ते वाचले. त्यांनी नीडहॅम यांना लबाड म्हटले नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. बुचातून हवा खरोखरच जात नाही कशावरून? आणि एवढ्याशा तापविण्याने सर्व जीव मरतात कशावरून? मग त्यांनी काचेच्या कुप्यांच्या माना ज्योतीवर वितळवून जोडून टाकल्या, म्हणजे बुचाचा प्रश्नच उरला नाही. काही कुप्या थोडा वेळ उकळल्या, काही पाऊण तास ते तासभर. थोडा वेळ उकळलेल्यांत जीव दिसले. बराच वेळ उकळलेल्यांत दिसले नाहीत. हे त्यांनी १७६५ साली प्रसिद्ध केले.

नीडहॅम यांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर उडवून लावण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, तासभर उकळून तुम्ही रश्शातील जीवोत्पादक शक्तीच मारून टाकली, मग जीव होतील कोठून? आमच्या वर्गातील त्या मुलीच्या आक्षेपाचेच हे थोरले भावंड. स्पाल्लान्झानी पुन्हा कामाला लागले. त्यांनी निरनिराळ्या बियांचे काढे अर्धा तास, एक तास, दीड तास, दोन तास असे उकळले, आणि या वेळी कुप्यांना सैल बूच लावले, म्हणजे हवेला वाट राहिली. उकळण्याने काढ्याची शक्ती मरत असेल, तर दोन तास उकळलेल्यात सर्वांत कमी जीव व्हावेत. आठ दिवसांनी पाहिले, तर दोन तास उकळलेल्यातही जीव भरपूर होते. म्हणजे काढ्यात काही बिघडले नव्हते. जीव येत होते ते बाहेरून. हे उत्तर १७७६ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे पहिल्या लेखानंतर अकरा वर्षांनी. दोन धर्मगुरूंचा वाद, आणि तो मिटविण्यासाठी कोणी कोणाचे पद विचारले नाही की वय विचारले नाही. कुपी मात्र उकळली.

या वादाचा एक लाभ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे. फ्रान्समधील निकोला आपेर या हलवायाने अन्न बाटलीत घट्ट बंद करून पुष्कळ वेळ उकळले, तर ते महिनोन्महिने टिकते हे दाखविले, आणि १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. दुकानात मिळणारे डबाबंद मासे त्याच युक्तीने टिकतात.

शेवटचा मोठा झगडा लुई पाश्चर आणि रूआँ शहरचे पुशे यांच्यात झाला. पाश्चर यांनी कुपीची मान हंसाच्या मानेसारखी लांब व वाकडी केली आणि तिचे तोंड उघडेच ठेविले. हवा आत जाई, धूळ मात्र वाकणात अडकून राही. आतील उकळलेला रस स्वच्छ राहिला. कुपी कलती करून रस त्या धुळीला लागू दिला की तो नासला. त्यांनी वीस कुप्या आल्प्स पर्वतातील हिमनदीवर नेऊन तेथे उघडल्या व पुन्हा बंद केल्या. त्यांतील एकच नासली, कारण तेथील हवेत धूळ थोडी. १८६२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले.

तरी आम्हांला पुशे यांची बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते वाळलेल्या गवताचा काढा वापरीत, आणि तो उकळूनही नासतो असे ते शपथेवर सांगत. लोकांनी त्यांना हरलेले ठरविले. पण १८७६-७७ च्या सुमारास जर्मनीत कोन आणि इंग्लंडात टिंडल यांनी शोधून काढले की गवतावरील काही जंतू कठीण बीजरूप धारण करतात आणि पाण्याच्या उकळीतही मरत नाहीत. म्हणजे पुशे यांनी जे पाहिले ते खरे होते; त्याचा अर्थ तेवढा निराळा होता. आज इस्पितळांत शस्त्रक्रियेची हत्यारे नुसती उकळून न ठेवता दाबाखालील वाफेत निर्जंतुक करतात, ती याच जंतुबीजांच्या भयाने.

आता कोणी म्हणेल, अळ्यांचे आणि रश्शाचे हे पुराण आम्हां शेतकऱ्यांच्या काय कामाचे? आमच्या मते पडताळ्याची बरणी ज्या घरात ठाऊक नाही, त्या घरात त्याची किंमत कधीकधी फार जबर द्यावी लागते. काविळीची माळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. मुलाचे डोळे पिवळे झाले की त्याला माळ देणाऱ्याकडे नेतात. तो ओल्या काड्यांची एक आखूड माळ मुलाच्या डोक्यावर ठेवितो. दिवस जातील तशी माळ लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली उतरते. लोक म्हणतात, माळेने कावीळ ओढून घेतली. माळ खरोखर लांबते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पडताळ्याची बरणी कोठे आहे? तीच माळ धडधाकट मुलाच्या डोक्यावर ठेवा, किंवा दाराच्या खुंटीला अडकवा. ती तेथेही लांबते. ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, त्यांच्याभोवतीचे दोऱ्याचे फास सैल होतात, आणि माळ वाढते. खुंटीला कावीळ झालेली नसते.

"पण फादर, आमचा मुलगा माळेनेच बरा झाला!" असे सांगणारे आम्हांला भेटतात. मुलगा बरा झाला ही आनंदाची गोष्ट आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ लहान मुलांत बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, माळ घाला अथवा न घाला. परंतु प्रत्येक कावीळ तशी नसते. कधी ती पित्ताच्या खड्यांमुळे असते, कधी यकृताच्या जुनाट विकारामुळे, आणि गरोदर स्त्रीला तर तिच्यापासून प्राणाचेही भय असते. माळ लांबते आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या घरातील एका पहिलटकरणीची प्रेतक्रिया आम्ही केली आहे. माळ त्या दिवशीही तिच्या गळ्यात होती. त्या घरात "खुंटीला अडकवून पाहू या का?" असे विचारणारे एखादे पोर असते, आणि त्याला कोणी गप्प बसविले नसते, तर तिला वेळीच दवाखान्यात नेले गेले असते असे आम्हांला राहून राहून वाटते.

मुलांना ही सवय लावावयाची तर उपदेशापेक्षा बरणीच उपयोगी पडेल. रेदींचा प्रयोग कोणत्याही घरी होऊ शकतो. सारख्या आकाराच्या तीन काचेच्या बरण्या आणि बांगड्याचे किंवा तारलीचे तीन लहान तुकडे घ्यावेत. एक बरणी उघडी ठेवावी, दुसरीच्या तोंडावर तलम कापड ताणून बांधावे, तिसरीचे झाकण घट्ट लावावे. तिन्ही बरण्या घरापासून दूर, सावलीत, मांजराचा व कोंबड्यांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, शेजारी शेजारी ठेवाव्यात. ऊन एकीवर आणि सावली दुसरीवर असे होऊ देऊ नये, कारण मग फरक एक न राहता दोन होतील. बरण्या मांडण्यापूर्वीच मुलाने वहीत लिहावे, कोणत्या बरणीत काय होईल आणि का. मागाहून लिहिलेले भाकीत नेहमीच खरे ठरते, म्हणून ते आधी लिहून तारीख घालणे अगत्याचे आहे. मग रोज सकाळी बाहेरूनच पाहून दिसेल तेवढेच लिहावे: माशा किती बसल्या, अंडी कोठे दिसली, वास कोणत्या बरणीचा आला. बंद बरण्या उघडू नयेत. काम वडील माणसाच्या देखत व्हावे, आणि हात साबणाने धुवावेत.

यात एक गंमत होण्याचा संभव आहे, ती आईवडिलांनी आधीच जाणून असावी. झाकण लावलेल्या बरणीतही अळ्या निघतील. मूल रडकुंडीला येईल आणि म्हणेल, "पुस्तकातले खोटे आहे." अशा वेळी त्याला उत्तर सांगून टाकू नये. त्याला एवढेच विचारावे, हा मासा आपल्या बरणीत येण्यापूर्वी कोठे होता? बाजारात कोळणीच्या टोपलीत किती वेळ उघडा होता? तेथे त्याच्यावर कोण बसले असेल? विचार करून ते बहुधा स्वतःच म्हणेल की पुढच्या खेपेस तुकडे आधी चांगले उकळून घेऊ, आणि उकळल्याबरोबर झाकू. मग तिन्ही तुकडे सारखेच उकळावेत, नाहीतर पडताळा बिघडेल. आठ-दहा दिवसांनी बरण्यांत उकळते पाणी ओतून सर्व काही खोल खड्ड्यात पुरावे, आणि दोन्ही खेपांची वही, पहिली फसलेली खेप न खोडता, शाळेत गुरुजींना दाखवावयास द्यावी.